बुक्क्याच्या वासाचं पाणी

या, असे पुढे सरकून बसा. मागे खांबाला टेकलेल्यांनीही या. खांब काही पळून जात नाही. आज तुम्हाला वारज्याच्या एका तळघरात शिरलेल्या पाण्याची गोष्ट सांगतो. त्या आठवड्यात पाणी काय, अर्ध्या पुण्यात शिरलं होतं. पण या पाण्याला बुक्क्याचा वास येत होता. तो कुठून आला, हे एका बाईनं जिद्दीनं शोधून काढलं, आणि शोधता शोधता ती स्वतःपाशीच येऊन पोचली. शांतपणे ऐका. शेवटी तुमच्याकडे एक मागणं आहे. वर्गणीचं नाही, घाबरू नका.

ती बाई म्हणजे द्वारकाबाई पायगुडे. वय अडुसष्ट, गुडघे त्याहून थोडे जास्त. नवरा रंगराव आठ वर्षांपूर्वी गेले. त्यांनी बांधलेल्या घरात त्या, मुलगा संजय आणि सून नम्रता, अशी तीन माणसं. घर टेकडीच्या उतारावर. रस्त्याकडून पाहिलं तर एकमजली, मागच्या नाल्याकडून पाहिलं तर दुमजली. त्या उतारामुळेच रंगरावांना खाली एक लांबरुंद तळघर मिळालं होतं. लोकांनी तिथे अडगळ भरली असती. द्वारकाबाईंनी तिथे कीर्तन आणलं.

अठ्ठावीस वर्षं दर एकादशीला त्या तळघरात कीर्तन होत आलं. दगडी भिंती, ठेंगणं छत. बुवांनी साधा आलाप घेतला तरी आवाज चारी बाजूंनी अंगावर यायचा. माइक लागत नसे. ज्यांना मोठ्या मांडवात कोणी बोलावत नाही असे वयस्क कीर्तनकार तिथे हौसेनं यायचे, आणि पन्नास-साठ माणसं मांडीला मांडी लावून ऐकायची.

द्वारकाबाईंची भक्ती अगदी खरी, पण तिला एक खोड होती. त्यांना प्रश्न पडत. मागच्याच एकादशीला बुवांनी एका राजाचं आख्यान लावलं. राजा सात दिवस अन्नपाण्यावाचून रानात ध्यानाला बसला, आठव्या दिवशी देव प्रकटला. सगळी सभा डोळे पुसत होती. आरती झाली, सुंठवडा वाटून झाला, आणि बुवा चपला शोधत असताना द्वारकाबाईंनी त्यांना गाठलं.

"बुवा, राजा सात दिवस उपाशी राहिला, पटलं. पण तो रानात घोड्यावरून गेला होता ना? मग सात दिवस घोड्याला चारा कोणी घातला?"

बुवांनी एक चप्पल पायात, एक हातात, असा थोडा वेळ विचार केला. मग म्हणाले, "आक्का, पुढच्या एकादशीला सांगतो."

ही पुढची एकादशीच धोक्यात आली, म्हणून तर ही गोष्ट.

झालं असं की श्रावणातल्या शनिवारी पाऊस धरला तो रविवारी पहाटेपर्यंत सुटला नाही. नदीकाठच्या रस्त्यांवर होड्या फिरल्या. द्वारकाबाईंचं घर नदीपासून लांब आणि उंचावर, त्यामुळे त्या निर्धास्त होत्या. रविवारी सकाळी रोजच्यासारख्या निरांजन घेऊन तळघरात उतरू लागल्या. बारा पायऱ्या. नवव्या पायरीवर पाऊल ठेवलं आणि ते घोट्यापर्यंत गार झालं.

खाली पाणीच पाणी. सतरंज्या तरंगत होत्या. टाळांची पेटी बुडाली होती. विठोबाची तसबीर वर कोनाड्यात आणि वीणा खुंटीला, म्हणून तेवढं वाचलं होतं. दुसरं कोणी असतं तर किंचाळलं असतं. द्वारकाबाई निरांजन वर धरून उभ्या राहिल्या आणि त्यांनी नाक ओढलं. मग वाकून ओंजळभर पाणी घेतलं आणि पुन्हा हुंगलं.

बुक्का. बुक्का, मागे तुळस, आणि अगदी मागे कापूर.

घरात शिरलेलं पाणी कसं असतं ते तुम्हाला माहीत आहे. चिखल, रॉकेल, उंदीर. हे पाणी मात्र नुकतीच पूजा आटोपल्यासारखं. ओंजळीत तुळशीचं एक पानही आलं होतं.

द्वारकाबाईंच्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल ते सांगायला नको. त्यांनी ओंजळ डोळ्यांना लावली. आणि लगेच त्यांच्या मनात दुसरं आलं: पण हे आलं कुठून?

शेजारच्या दीपालीला मात्र हा दुसरा प्रश्न पडला नाही. ती चौकशीला आली, पायरीवर उभी राहून तिनं वास घेतला, तिच्या अंगावर काटा आला आणि घरी जाऊन ती पाण्याची बाटली घेऊन आली. दुपारपर्यंत तिच्या भिशीच्या ग्रुपवरून बातमी सगळ्या गल्लीत गेली की पायगुडे काकूंच्या तळघरात तीर्थ उगवलंय. चार वाजता दाराशी अकरा जण होते. प्रत्येकाच्या हातात बाटली. एका गृहस्थांनी वीस लिटरचा जार आणला होता. नम्रतानं त्यांना विचारलं, की काका, तीर्थ पळीनं घेतात ना? ते म्हणाले, गावाकडेही पाठवायचंय.

संजयला यातलं काहीच सुचत नव्हतं. तो स्वभावानं काळजी करणारा. त्यानं दोन पंप आणून लावले, रविवार संध्याकाळपर्यंत तळघर कोरडं केलं. सोमवारी सकाळी पाणी पुन्हा वीतभर. पाऊस थांबलेला, रस्ते वाळलेले, आणि पाणी वीतभर. पुन्हा उपसलं. मंगळवारी पुन्हा तेवढंच. त्यानं ओळखीच्या एका ठेकेदाराला बोलावलं. ठेकेदार पायरीवरूनच म्हणाला, की खाली झरा फुटलाय, टेकडीचं पाणी आहे, आज वीतभर आहे, उद्या पाया पोखरेल. मुरूम टाकून तळघर बुजवा आणि वरून काँक्रीट करा. शुक्रवारी दोन ट्रक पाठवतो.

त्या रात्रीच्या जेवणाला संजयनं आईला सांगितलं. ताटाकडे बघतच सांगितलं.

"आई, तळघर बुजवायचं ठरवलंय. तुझ्यासाठी गच्चीवर छान देवघर करू."

"गच्चीवर पन्नास माणसं बसतील?"

"पाच बसतील."

"मग उरलेली पंचेचाळीस कुठे जातील?"

संजय जरा आवाज चढवून पायाबद्दल, भिंतींबद्दल, ओल्या पायऱ्यांवरून तिचा पाय घसरेल त्याबद्दल बोलत राहिला. त्याचं काही चुकत नव्हतं. द्वारकाबाईंनाही ते कळत होतं. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, की पाणी कुठून येतंय हे कळलं तर? संजय म्हणाला, कळलं तर बघू. पण शुक्रवारी सकाळी ट्रक येणार. त्यांना परत पाठवायचं तर त्याआधी कळायला हवं.

हातात होते दोन दिवस.

बुधवारी सकाळी पाणी उपसून झाल्यावर द्वारकाबाई कुंकवाचा करंडा घेऊन खाली गेल्या आणि शेवटच्या पायरीवर बसल्या. भिंतीवर फरशीपासून बोटभर उंचीवर कुंकवाची एक रेघ ओढली, त्याच्यावर दुसरी, त्याच्यावर तिसरी. मग पाणी कधी कुठल्या रेघेला पोचतं ते बघत राहिल्या. नम्रताचं ऑफिसचं काम घरूनच चालायचं. दोन मीटिंगच्या मध्ये ती चहा घेऊन खाली आली आणि सासूच्या शेजारी बसली. तिला देवाधर्माचं फारसं नव्हतं. एकादशीला ती साबुदाणा खिचडी तेवढी निष्ठेनं खायची. पण न सुटलेली गोष्ट दिसली की तिलाही चैन पडत नसे. या एका बाबतीत सासू-सुनेची पत्रिका जुळली होती.

"भिंतीतून येत नाहीये," नम्रता म्हणाली. "भिंती कोरड्या आहेत."

"फरशीच्या सांध्यांतूनही नाही," द्वारकाबाई म्हणाल्या. "मी पिठी टाकून बघितली. हलली नाही."

मग दोघी कोपऱ्याकडे बघू लागल्या. तळघराच्या नाल्याकडच्या कोपऱ्यात फरशीत पितळेची एक वाटोळी जाळी होती. पाणी तिच्यातून येत होतं. आवाज नाही, उसळी नाही. हळूच, दूध वर यावं तसं. आणि त्या पाण्याबरोबर काहीतरी पांढरं गिरक्या घेत वर आलं. द्वारकाबाईंनी ते बोटावर घेतलं. तांदळाचा दाणा. हळद-कुंकू लावलेला. अक्षता.

तो दाणा त्यांच्याच घरचा होता.

आता इथे तुम्हाला एक रीत सांगायला हवी. कीर्तनाआधी द्वारकाबाई पितळी परातीत बुवांचे पाय धुवायच्या. मग पितळी विठोबाला अभिषेक. मग तुळस, बुक्का, अक्षता, फुलं, गंध. हे सगळं पाणी शेवटी परातीत जमायचं, आणि ते गटारात जाता कामा नये असा त्यांच्या सासूबाईंचा दंडक होता. पूर्वी त्या ते अंगणातल्या जास्वंदीला घालायच्या. बारा वर्षांपूर्वी संजयनं गाडी लावायला अंगणभर सिमेंटचे ठोकळे बसवले. जास्वंद गेली, माती म्हणून बोटभर उरली नाही. कुंडीतल्या तुळशीला घालावं तर परातभर पाण्यानं तिची मुळं कुजायची. मग द्वारकाबाईंनी शोध घेतला. कोपऱ्यातल्या जाळीला त्यांनी एकदा कान लावला होता, तर आत खोल कुठेतरी पाणी वाहतंय असा आवाज आला. त्यांची खात्री पटली, की ही वाट थेट धरणीच्या पोटात जाते. तेव्हापासून दर एकादशीला परात त्या जाळीत रिकामी होत होती. श्रावणात सप्ताह असला की सातही दिवस. यंदाचा सप्ताह परवाच झाला होता.

"म्हणजे मीच," द्वारकाबाई डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या.

नम्रतानं त्यांच्याकडे पाहिलं आणि सांभाळून विचारलं, "पण आई, बारा वर्षं टाकताय. मग याआधी कधीच का तुंबलं नाही? त्या मोठ्या पुराच्या वर्षीसुद्धा आपलं तळघर कोरडं होतं."

प्रश्न रास्त होता. आणि रास्त प्रश्न समोर आला की द्वारकाबाईंचं रडू थांबायचं.

पूर्वी काय होत होतं, जे आता होत नाही? त्या बसल्या बसल्या वर्षं उलटी मोजू लागल्या. रंगराव होते तेव्हा. रंगराव गेल्यावर. महामारीच्या वर्षी. अक्षय्य तृतीयेचा आमरस. आणि मग त्यांना धोंडिबा आठवला.

धोंडिबा म्हणजे हे घर बांधणारा गवंडी. वारज्यापलीकडच्या कोंढवे गावाच्या पुढे, खडकवासल्याच्या वाटेवर त्याचं गाव. घर बांधून झालं, हिशेब मिटला, पण हा माणूस दर वर्षी अक्षय्य तृतीयेच्या आसपास दारात उभा. खांद्याला रिकामं पोतं. "वैनी, जरा माझं काम बघून येतो," म्हणून एकटाच तळघरात उतरायचा. तासाभरानं हात-पाय धुऊन वर यायचा, ओट्यावर बसून चहा घ्यायचा, आग्रह केला तर आमरस, आणि जायचा. घरात त्याची थोडी चेष्टाच व्हायची. रंगराव म्हणायचे, आला तुमचा आमरसाचा पाहुणा. स्वतः बांधलेल्या भिंतींची माणसाला माया असते, असं द्वारकाबाई समजायच्या.

तीन वर्षांपासून तो आला नव्हता. द्वारकाबाईंनी एकदा म्हटलं होतं, यंदा धोंडिबा दिसला नाही. तेवढंच. ज्या बाईला राजाच्या घोड्याच्या चाऱ्याची पंचाईत, तिनं हे काही पुढे विचारलं नव्हतं.

"पोतं रिकामं घेऊन यायचा," त्या नम्रताला म्हणाल्या. "जाताना मी कधी बघितलं नाही."

नम्रतानं लॅपटॉप मिटला. "चला आई. हेल्मेट घाला."

स्कूटरवरून त्या कोंढव्याच्या पुढे गेल्या. नव्या इमारतींच्या मागे गाव अजून शिल्लक होतं. धोंडिबा गवंड्याचं घर विचारल्यावर एका माणसानं हात केला आणि म्हणाला, ते काय, तुळशीचं घर.

घर दोन खोल्यांचं, पण पुढून, बाजूनं, मागच्या बांधापर्यंत नुसती तुळस. ओळीत लावलेली नाही, आपसूक माजलेली. कमरेइतकी उंच, मंजिऱ्यांनी वाकलेली. द्वारकाबाई फाटकातच थबकल्या. वास तोच होता, ओंजळीतला.

धोंडिबाची बायको सुंदराबाई ओसरीवर शेंगा निवडत होती. हडकुळी, ताठ, सत्तरीची. तरुणपणी नवऱ्याच्याच हाताखाली पाट्या वाहायची. पायगुड्यांचं घर बांधताना द्वारकाबाईंनी तिला रोज बघितलं होतं. तिनं ओळखलं, बसायला पोतं अंथरलं, पाणी दिलं. द्वारकाबाईंनी धोंडिबा कुठे आहेत असं विचारलं तेव्हा तिनं भिंतीवरच्या फोटोकडे मान वळवली. फोटोला हार होता.

"तीन वरसं झाली," ती म्हणाली. "आत्ता सवड घावली व्हय, वैनी?"

द्वारकाबाईंनी मान खाली घातली. टोमणा बरोबर लागला होता आणि तो लागू देणं एवढंच त्यांच्या हातात होतं. मग त्यांनी सगळं सांगितलं. पाणी, वास, अक्षता, मुरूम, शुक्रवार. सुंदराबाई शेंगा निवडत ऐकत होती. अधूनमधून तिच्या तोंडाचा कोपरा हलत होता. बाटल्यांचं ऐकून ती हसलीच, पदर तोंडाला लावून, खांदे हलवत.

मग तिनं सांगितलं. घर बांधताना पाया खणला तेव्हा तिथं पाझर लागला होता. टेकडीचं पाणी, ते अडवून अडणारं नव्हतं. रंगरावांच्या नकाशात त्याची काही सोय नव्हती. धोंडिबानं आपल्या मनानंच फरशीखालून दगडगोट्यांची वाट केली, कोपऱ्यात जाळीखाली छोट्या हौदासारखी एक कुंडी बांधली आणि तिथून नाल्यापर्यंत पाइप नेला. टेकडीचं पाणी गुपचूप खालच्या खाली निघून जायचं. द्वारकाबाईंनी कान लावून ऐकलं ते तेच. फक्त कुंडीत गाळ बसायचा, तो वर्षातून एकदा काढायला लागायचा. म्हणून पोतं. मग एका वर्षी गाळात फुलं लागली.

"घरी आल्यावर पोतं उलटं केलं," सुंदराबाई म्हणाली. "तुळस, तांदूळ, बुक्का, लई कायबाय. मी म्हनलं, अवो, सांगा की वैनीस्नी, हितं टाकू नगा म्हनून. तर म्हनले, त्यास्नी टाकायला दुसरी जागा न्हाई राहिली, सगळं अंगण बुजवलंय. त्यांनी टाकावं, म्या काढावं. वर्साकाठी एक दीस हात घातला तर हात काय झिजतोय?"

ते निर्माल्य उकिरड्यावर टाकायला त्याचा जीव होत नसे. त्यानं ते घराभोवती पसरलं. मंजिऱ्यांतलं बी रुजलं. ही जी तुळस माजली होती, ती द्वारकाबाईंच्या नऊ वर्षांच्या एकादशा होत्या.

द्वारकाबाईंनी हात लांब करून ओसरीलगतची एक मंजिरी तळव्यावर घेतली. नम्रता फाटकाकडे बघत राहिली. मग द्वारकाबाईंनी विचारलं, "ते कधी कीर्तनाला बसले नाहीत. मला वाटायचं, त्यांना आवड नसेल."

"आवड?" सुंदराबाई म्हणाली. "रोज सांजच्याला हितं बसून अभंग म्हनायचे. गळा न्हवता, पर म्हनायचे." आणि पुढे, शेंगांकडे बघत, "तुम्ही या म्हनला न्हाई. त्यो मानूस बिनबोलावता कामाला जायचा. देवाच्या दारात बिनबोलावता बसायला लाजायचा."

द्वारकाबाईंनी हात जोडले. फोटोला जोडले की सुंदराबाईला, ते नम्रताला कळलं नाही. सुंदराबाईनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, की उद्या सकाळी येते, पाणी उपसून ठेवा, आणि तुमच्या त्या तीर्थवाल्यांना जरा लांब उभं करा.

गुरुवारी नऊ वाजता ती आली. खांद्याला पोतं, हातात लोखंडी आकडा. संजय रजा टाकून उभा होता. चेहऱ्यावर विश्वास नव्हता, पण आईचा मान राखून त्यानं पंप पहाटेच चालवले होते. दीपाली आणि आणखी सात-आठ जण पायऱ्यांवर बाटल्या घेऊन हजर. लांब उभं राहा असं सांगितल्यावर ते एक पायरी वर सरकले.

सुंदराबाईनं फरशीवर टाचेनं ठोकत ठोकत अंदाज घेतला. जाळीच्या शेजारची शहाबादी फरशी बद्द वाजली. तिच्या कडेला, दिसेल न दिसेल अशी, बोटभर खाच होती. तिच्यात आकडा घालून तिनं फरशी उचलली. अठ्ठावीस वर्षांत या घरातल्या कोणालाच ती फरशी उचलली जाते हे माहीत नव्हतं.

खाली कुंडी होती, आणि ती तोंडापर्यंत भरलेली. वर सप्ताहाची ताजी तुळस, झेंडू, बुक्का. सुंदराबाईनं पहिलं घमेलं काढलं तोवर वास सुगंधीच होता. दुसऱ्या घमेल्याला तिनं तीन वर्षांचा तळ ढवळला.

काय सांगू तुम्हाला! कुजलेली फुलं, आंबलेले तांदूळ, नारळाच्या शेंड्या, दह्यादुधाची साय. त्या वासानं पायऱ्यांवरची सभा एका क्षणात पांगली. वीस लिटरवाले काका सगळ्यांत पुढे होते. दीपालीनं हातातली बाटली आधी लांब धरली, मग कुठे ठेवावी ते न कळून पुन्हा हातातच धरली.

द्वारकाबाई मात्र खाली उतरल्या. पदर खोचला, गुडघ्यांना काय वाटेल ते वाटो, आणि सुंदराबाईच्या समोर बसून घमेलं धरलं. संजय म्हणाला, आई, तू राहू दे. त्या म्हणाल्या, मी टाकलंय. सुंदराबाईनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि घमेलं त्यांच्याकडे सरकवलं. नंतर संजयनंही पँट दुमडली.

दहा, पंधरा, वीस घमेली. नम्रता नाल्याकडे पाइपाचं दुसरं तोंड शोधायला गेली होती. खाली सुंदराबाईनं लांब बांबू पाइपात घातला, मागे ओढला, पुन्हा घातला. आत काहीतरी अडलं होतं. तिसऱ्यांदा तिनं सगळं अंग टाकून रेटा दिला. कुंडीनं एक मोठा ढेकर दिला. मग पाणी फिरलं, भोवरा झाला आणि सगळं आत ओढलं गेलं. तळाचे दगड दिसू लागले.

द्वारकाबाईंचा फोन वाजला. नाल्यावरून नम्रता होती.

"आलं, आई," ती म्हणाली. "काळं पाणी आलं, मग झेंडू आले, आता अगदी स्वच्छ येतंय."

संजय कुंडीकडे बघत उभा होता. टेकडीचा पाझर दगडगोट्यांतून येत होता आणि शहाण्यासारखा पाइपात जात होता. तरी त्यानं घाई केली नाही. संध्याकाळपर्यंत दर तासाला खाली येऊन त्यानं आईच्या कुंकवाच्या रेघा बघितल्या. पाणी पहिल्या रेघेलाही टेकलं नाही. सहा वाजता त्यानं ठेकेदाराला फोन लावला आणि ट्रक पाठवू नका म्हणून सांगितलं. ठेकेदारानं विचारलं, झऱ्याचं काय झालं? संजय म्हणाला, "झऱ्याला वाट होती. आम्हाला माहीत नव्हती."

पण द्वारकाबाईंचं अजून संपलं नव्हतं. त्या गल्लीतल्या अकरा घरी गेल्या. प्रत्येक दारात तेच सांगितलं: ते तीर्थ नव्हतं, माझ्या हातून तुंबलेली मोरी होती, कृपा करून पिऊ नका. काहींनी आधीच घेतलं होतं. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दीपाली हिरमुसली. "काकू, मला खरंच प्रसन्न वाटलं होतं हो," असं म्हणाली. द्वारकाबाई म्हणाल्या, की मलाही वाटलं होतं, आणि त्यात तुझं काही चुकलं नाही. फक्त ती प्रसन्नता इतकी वर्षं धोंडिबा गवंडी सांभाळत होता, ते आपल्याला माहीत नव्हतं.

एकादशीला तळघरात कीर्तन झालं. ओल अजून होती, सतरंज्या उसन्या होत्या, टाळ चिंचेनं घासून लखलखीत केले होते. सुंदराबाईला न्यायला संजय स्वतः गाडी घेऊन गेला. ती पहिल्या रांगेत बसली, मांडीवर घडी केलेलं पोतं ठेवून. परातीतलं पाणी कळशीतून आणि निर्माल्य त्या पोत्यातून आता तिच्याकडे जाणार, तुळशीला, असं दोघींचं ठरलं होतं.

बुवांचे पाय धुऊन झाल्यावर बुवा हसून म्हणाले, "आक्का, तुमच्या घोड्याचं उत्तर काही मला सापडलं नाही बरं का. सगळी आख्यानं धुंडाळली. चारा कोणी घातला ते कुठेच लिहिलेलं नाही."

"लिहिलेलं नसणारच, बुवा," द्वारकाबाई म्हणाल्या. "पण मला सापडलंय. आज आख्यानाआधी मी सांगू का?"

बुवांनी आपल्या गळ्यातला हार काढून त्यांच्या गळ्यात घातला आणि बाजूला सरले. आयुष्यभर समोर बसून ऐकणारी ती बाई पहिल्यांदाच उभी राहिली आणि तिनं धोंडिबाची गोष्ट सांगितली. आवाज बारीक होता, पण त्या तळघरात माइक लागत नाही. शेवटच्या पायरीपर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं. सुंदराबाईनं सगळं मान खाली घालून ऐकलं. फक्त आमरसाचा पाहुणा हे आलं तेव्हा मान वर करून म्हणाली, की आमरस मात्र त्यास्नी खरंच आवडायचा.

तर मंडळी, गोष्ट एवढीच. आता ते मागणं. पुन्हा आभाळ फाटेल, गल्ल्या तुंबतील, बातम्या येतील, आणि तुमच्या घरात मात्र पाणी शिरणार नाही. तुम्ही खिडकीशी चहा पीत बसाल. तेव्हा क्षणभर कप खाली ठेवा आणि कोंढव्याच्या पुढच्या धोंडिबा गवंड्याची आठवण काढा.